वर्तमानपत्राचं पान लावायला शिकवताना आधी कागद की थेट इनडिझाइन (पानाच्या मांडणीचं सॉफ्टवेअर)?

पानसुपारी: पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला पान लावणं शिकवताना पहिले दोन आठवडे संगणक बंदच ठेवावा, असं माझं मत. ए-फोर कागदावर निम्म्या मापाची डमी (पानाचा कच्चा आराखडा) काढायला लावा. छपाईची जागा ३३ बाय ५२ सेंमी धरली, तर ८ कॉलम, मधल्या ७ फटी ४ मिमीच्या, म्हणजे कॉलम पावणेअडतीस मिमीचा. एकूण ४१६ कॉलम-सेंमी (एका कॉलमाची एक सेंमी उंची). खाली ४ कॉलम बाय २५ सेंमीची जाहिरात आली की उरले ३१६. मजकूर १० पॉइंटात (पॉइंट म्हणजे अक्षराच्या मापाचं एकक), ओळीचं अंतर १२ ठेवलं, तर कॉलम-सेंमीत साधारण ९ शब्द मावतात. ३०० शब्दांची बातमी ३३ कॉलम-सेंमी खाते, मथळा आणि फोटो वेगळे. हा हिशेब अंगवळणी पडला नाही की मुलं बातमी कोंबतात, मावली नाही की अक्षर ९ वर आणतात. मजकूर कापायचं कुणाला सुचत नाही!

मात्राभर: असहमत. पेन्सिलच्या रेघोट्यांत प्रत्येक मथळा बसतो. 'महानगरपालिकेच्या' हा शब्द एका कॉलमात २४ पॉइंटातही मावत नाही, हे पडद्यावरच कळतं. दोन ओळींच्या मथळ्यात ३६ पॉइंटाला ३६चंच अंतर दिलं, तर वरचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. दोन्ही कडा जुळवलेल्या अरुंद कॉलमात लांब शब्द आला की ओळीत दोनच शब्द उरतात नि मध्ये भगदाड. शिवाय इनडिझाइनमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) निवडला नाही तर जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलत्याच जागी जाते.

पानसुपारी: कंपोझर टेम्प्लेटमध्येच लावून द्या, प्रश्न मिटला. पण एकाच आकाराचे दोन मथळे शेजारीशेजारी का नकोत, फोटोतला माणूस पानाबाहेर का बघू नये, घरफोडीच्या बातमीखाली सराफाची जाहिरात का नको, हे कुठलं सॉफ्टवेअर सांगतं?

शाईथेंब: दोघंही छापखाना विसरलात. काळा मजकूर छपाईच्या चारही रंगांच्या मिश्रणात गेला आणि एखाद्या रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली की अक्षराला रंगीत कडा येते. तो फक्त काळ्यातच हवा. न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्राच्या कागदावर) एकूण शाई, म्हणजे चारही रंगांच्या टक्क्यांची बेरीज, २४० टक्क्यांच्या वर गेली की ती मागच्या बाजूला दिसते, समोरच्या पानालाही लागते.

मात्राभर: शाईथेंब +१. पानसुपारी, डमी काढा हो, पण दोन आठवडे नाही, दोन तास. आणि परीक्षेत पान जुळत आलं की शेवटच्या अर्ध्या तासात जाहिरात १० सेंमीने वाढवा. तिथे कागद कामाला येतो का बघू.