अवतारी लामा आणि क्रांतीचे सरकार : दामदिनबाजार यांनी पंतप्रधानपद नाकारायला हवे होते का?

उत्तरवाट (धागालेखक)

१९२२ च्या मार्चमध्ये मंगोलियाच्या क्रांतिकारी सरकारने पंतप्रधानपदावर एका अवतारी लामाला बसवले. त्यांचे नाव जालखांझ खुतग्त दामदिनबाजार. खुतग्त ही पुनर्जन्माच्या परंपरेतील श्रेष्ठ लामांची पदवी. आदल्याच वर्षी बॅरन उंगर्न या रशियन श्वेत (बोल्शेविकविरोधी) सेनानीने चिनी फौजा हुसकावून मंगोलियाचा धर्मराजा बोग्द खान याला पुन्हा गादीवर बसवले, तेव्हाही पंतप्रधान हेच होते. म्हणजे जी राजवट उलथून क्रांतिकारक जुलै १९२१ मध्ये राजधानीत शिरले, तिच्याच पंतप्रधानाला त्यांनी आठ महिन्यांच्या आत बोलावून घेतले.

असे का घडले, हे त्यांच्या आधीच्या पंतप्रधानाकडे पाहिले की कळते. दोग्सोमिन बोदो हेही मठात शिकलेले लामाच, पण क्रांती घडवणाऱ्या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या काळात सुधारणेच्या नावाखाली विवाहित स्त्रियांच्या केशरचनेतील पारंपरिक दागिने भर रस्त्यात बळजबरीने कापण्याची मोहीम निघाली. लोक संतापले आणि जानेवारी १९२२ मध्ये बोदोंना पायउतार व्हावे लागले. आता ज्याच्यापुढे सामान्य माणूस आपणहून हात जोडेल, असा कोणीतरी सरकारला हवा होता आणि तो दामदिनबाजार यांच्या रूपाने मिळाला.

माझ्या मते त्यांनी हे पद घ्यायला नको होते. ३१ ऑगस्ट १९२२ रोजी बोदो आणि आणखी चौदा जणांना कटाच्या आरोपावरून गोळ्या घातल्या गेल्या. त्या दिवशी पंतप्रधान होता तो प्राणिहिंसा न करण्याचे व्रत घेतलेला एक लामा. त्यांचा या निर्णयात किती हात होता, हा माझा मुद्दा नाही. त्यांच्या नावाखाली ते घडू शकले, एवढे मला पुरेसे वाटते.

जुनी वही

पूर्णपणे असहमत. आपण १९२२ साल १९३७ च्या लामासंहाराच्या काठावर उभे राहून पाहत आहात.

१९१९ मध्ये चिनी सेनानी श्यू शुचंग याने मंगोलियाची स्वायत्तता सक्तीने रद्द करून घेतली. त्यानंतर उंगर्न आला आणि त्याने राजधानीत केलेल्या कत्तली सर्वश्रुत आहेत. रशियाची मदत मागण्यासाठी १९२० मध्ये जे पत्र गेले, त्यावर खुद्द बोग्द खानाची मोहोर होती. क्रांतीनंतरही गादी त्याचीच राहिली. नोव्हेंबर १९२१ च्या शपथ-कराराने त्याचे अधिकार मर्यादित झाले, पण तो राजा होता आणि आठवा जेबत्सुनदांबा, म्हणजे मंगोलियातील सर्वोच्च अवतारी लामा, म्हणून धर्मप्रमुखही होता. तेव्हा दामदिनबाजार ज्या सरकारात गेले, ते त्यांच्याच धर्मराजाच्या नावाने चालणारे सरकार होते. पक्षाचे नावही तेव्हा नुसते ‘जनता पक्ष’ होते. ‘क्रांतिकारी’ हा शब्द त्यात १९२४ मध्ये आला.

लामाने मंत्री होणे ही त्या देशात नवलाची गोष्ट नव्हती. १९११ च्या स्वतंत्र सरकारात गृहखाते सांभाळणारे त्सेरेनचिमेदही लामाच होते. दामदिनबाजार यांनी नकार दिला असता, तर ती खुर्ची रिकामी राहिली नसती. केशभूषा कापणाऱ्यांपैकीच कोणीतरी तिच्यावर बसला असता, आणि मठांना पुढची काही वर्षे जी उसंत मिळाली, तीही कदाचित मिळाली नसती.

उत्तरवाट

ही उसंत नेमकी कोणाला मिळाली, याचा विचार व्हावा. दामदिनबाजार जून १९२३ मध्ये पदावर असतानाच वारले. मे १९२४ मध्ये बोग्द खान गेला, नोव्हेंबरात प्रजासत्ताक घोषित झाले, आणि नवव्या जेबत्सुनदांबाचा शोध सरकारने घेऊ दिला नाही. मठ तोवर उभे होते हे खरे, पण त्या काळात पक्षाने सैन्य बांधले, तरुणांची संघटना बांधली आणि गुप्त पोलीसही उभे केले. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे १८,००० लामा मारले गेले आणि सातशेहून अधिक मठ उद्ध्वस्त झाले. वेळेची गरज ज्याला अधिक होती, त्यालाच ती मिळाली.

ओंजळ

या चर्चेत मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नोव्हेंबर १९५६ मधील काठमांडूचे भाषण आठवते. बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी साध्यापेक्षा साधनांवर बोट ठेवले होते : दुःख आणि शोषण संपवायचे हे दोघांनाही मान्य, पण एकाचा मार्ग माणसाचे मन बदलण्याचा, तर दुसऱ्याचा बळाचा आणि हुकूमशाहीचा. या कसोटीवर दामदिनबाजार उतरत नाहीत, असे मला खेदाने म्हणावे लागते.

सारंगी

बाबासाहेबांची कसोटी लावायची तर ती दोन्ही बाजूंना लावा. मंगोलियातील मोठ्या मठांच्या मालकीचे प्रचंड कळप होते. ‘शाबी’ म्हणून ओळखली जाणारी कुटुंबे मठांशी आणि खुतग्तांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली असत. त्यांचे श्रम मठाचे, त्यांचा करही मठालाच. पुरुषांपैकी साधारण एकतृतीयांश लामा होते, असे मानले जाते. शोषण संपवण्याचा बौद्ध मार्ग या मठांनी शतकानुशतके स्वतः चालून दाखवला असता, तर १९२१ च्या तरुणांना मॉस्कोकडे पाहण्याची गरज किती उरली असती?

शिवाय ‘लामा असून’ या शब्दांवर आपण सगळेच फार भार टाकत आहोत. मठ हीच त्या देशातली शाळा होती. पुढे हजारो लामांच्या मृत्यूला जबाबदार ठरलेला हुकूमशहा चोइबाल्सान हाही लहानपणी मठातच ठेवलेला आणि तिथून पळालेला मुलगा होता. राजधानीत रशियन वाणिज्य दूतावासाच्या शाळेत त्याला शिकवणारे शिक्षक होते बोदो. मला या साऱ्या प्रकरणात दामदिनबाजार यांच्यापेक्षा बोदोच अधिक व्याकूळ करतात, कारण त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला हाताशी धरून एक गट उभा केला, त्यातून पक्ष उभा केला, आणि त्याच पक्षाने सुमारे दोन वर्षांत त्यांना संपवले.

जुनी वही

सारंगी यांचा मुद्दा मी स्वीकारतो; शाबींची स्थिती लपवून मठांची बाजू मांडता येणार नाही. पण त्यामुळेच मूळ आक्षेप मला अधिक दुबळा वाटतो. मठव्यवस्था बदलायलाच हवी होती, तर तो बदल घडवणाऱ्यांच्या सरकारात एक लामा असणे चांगले की नसणे?

उत्तरवाट

असणे चांगले, जर त्याच्या ‘नाही’ला काही किंमत असेल तर. मी वारंवार ३१ ऑगस्टकडे वळतो ते याचसाठी. सरकारचा पहिला अधिकृत पंतप्रधान आणि पक्षाच्या पहिल्या सात प्रतिनिधींपैकी एक गोळीबार पथकापुढे उभा केला जातो, आणि त्याच खुर्चीवर बसलेल्या पुढच्या लामाला ते थांबवता येत नाही; कदाचित थांबवावेसे वाटतही नाही. त्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला असता, तर मी हा धागा वेगळ्या शब्दांत लिहिला असता. ते पदावर राहिले, आणि पुढच्या उन्हाळ्यात पदावरच गेले.

जुनी वही

राजीनामा दिला असता, तर सोळावे नाव त्यांचे असते.

उत्तरवाट

शक्य आहे. बोदोंनी राजीनामा दिला होता, आणि त्यांचे काय झाले हे दामदिनबाजार यांनी अगदी जवळून पाहिले होते. ही भीती मी नाकारत नाही, पण लक्षावधी लोक ज्यांच्यापुढे झुकत होते, त्यांच्याकडून माझी अपेक्षा अजूनही तीच आहे.