गादीखालची पट्टी आणि रात्रपाळीची नर्स

वर एकांनी लिहिलंय की गादीखाली श्वास आणि ठोके मोजणारा सेन्सर ठेवून काय होणार, म्हातारी माणसं शेवटी हॉस्पिटलात जाणारच. मला हे पटत नाही. मी अमेरिकेत नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना ठेवून त्यांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, रात्रपाळी करते.

अंगाला काही चिकटवायचं नाही, वायर नाही. गादीखालची चपटी पट्टी श्वासाची आणि हृदयाच्या ठोक्यांची बारीक थरथर टिपते. हाताने श्वास मोजायचा तर पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत बसावं लागतं, आणि तेही पाळीत एकदाच. खरं सांगायचं तर घाईत पुष्कळदा डोळे झाकून '१८' लिहिलं जातं.

एका आजींचा झोपेतला श्वास रोज मिनिटाला १६च्या आसपास असायचा. त्या रात्री पहाटे तीनला स्क्रीनवर २६. ताप नाही, खोकला नाही. फक्त रात्रीचं जेवण तसंच राहिलं होतं. वयस्कर माणसांत न्यूमोनिया असाच चोरपावलांनी येतो. डॉक्टरांना तेव्हाच फोन केला, सकाळी एक्स-रे, लगेच अँटिबायोटिक. आजी आपल्याच खाटेवर बऱ्या झाल्या.

पट्टीला रक्तदाब कळत नाही, आणि उगाच वाजणारे अलार्मही असतात. त्यासाठी मर्यादा प्रत्येकाच्या नेहमीच्या आकड्यावरून ठरवाव्या लागतात. पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. ऑक्टोबर २०१८पासून मेडिकेअर, म्हणजे तिथली वयस्करांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, रुग्ण पुन्हा हॉस्पिटलात गेल्याचा हिशेब नर्सिंग होमला मिळणाऱ्या पैशाशी जोडते (जास्त गेले तर पैसे कमी), म्हणून मालक यंत्र घेतात. मग रात्रीची एक नर्स कमी करतात. तीन वाजता तो २६ बघायला कोण असणार?