चर्चा: "रागात तोंडातून निघून गेलं" ही सबब देवापुढे चालेल का?

राईचा दाणा:
परवा जेवणाआधीची प्रार्थना मी केली. आमेन म्हणून एक मिनिटही झालं नसेल, मुलाचा धक्का लागून पाणी सांडलं आणि मी ओरडलो, "डोकं रिकामं आहे का तुझं?" अकरा वर्षांचा आहे तो. तोंडाशी नेलेला घास त्याने परत ताटात ठेवला आणि उठला.

रात्री बायबलमधलं मत्तय 5:22 काढलं. भावाला 'रक्का' म्हणणाऱ्याला येशू दोषी धरतो, तेही खून करू नको या आज्ञेच्या लगेच पुढे. रक्का हा अरामी शब्द. अर्थ रिकामा, रिकाम्या डोक्याचा. मी तोच शब्द मराठीत वापरला होता! ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची त्याच तोंडाने त्याच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप द्यायचा, हे होऊ नये असं याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगतो. आपण विश्वासी म्हणवतो, तर ही सबब आपण टाकून दिली पाहिजे.

खडी वाट:
अजिबात पटलं नाही. याकोबाचा तिसरा अध्याय वाचलात, आता दुसरा वाचा. उघड्या-उपाशी भावाला "सुखाने जा, पोटभर खा" म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, याचा काय उपयोग, असं तोच विचारतो. दोन मुलांच्या दाखल्यात (मत्तय 21) एक "जात नाही" म्हणाला पण नंतर मळ्यात गेला. दुसरा "जातो, महाराज" म्हणून गेलाच नाही. बापाची इच्छा पाळली कोणी? फटकळ असलेल्यानेच.

आमच्या मंडळीत एका ताईंचा मुलगा वर्षभर अंथरुणावर आहे. "प्रार्थनेत आठवण ठेवतो" हे वाक्य त्यांनी शेकड्याने ऐकलं असेल. त्यांच्या दाराशी किती जण गेले? बोलाचीच कढी, बोलाचाच भात. आणि येशूने परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, 'सापाच्या पिल्लांनो' म्हटलं, ते काय गोड बोलणं होतं?

ओलीव फांदी:
मला वेगळीच भीती वाटते. "जिभेत जीवन-मरण आहे" हे नीतिसूत्रांतलं वचन (18:21) काही जण मंत्रासारखं वापरतात. माझे पती आजारी असताना आम्हाला बजावलं गेलं, आजाराचं नाव तोंडातून काढू नका, काढलंत तर तुम्हीच त्याला बोलावता. शेवटच्या महिन्यात ते मला "दुखतंय" असंही म्हणेनात. मी विचारलं की मान हलवायचे. हे मी कधीच विसरणार नाही. स्तोत्र 88 अंधारातच संपतं. वधस्तंभावर येशूने 22 व्या स्तोत्राचे शब्द उच्चारले, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" वेदना बोलून दाखवणं हा अविश्वास असेल, तर ही स्तोत्रं शास्त्रात का आहेत?

राईचा दाणा:
ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. बोलेल ते घडेल असं मी मानत नाही. मी म्हणतोय ते समोरच्याला लागणाऱ्या शब्दाबद्दल.

खडी वाट, 'सापाच्या पिल्लांनो' हे मत्तय 12:34 मध्येही आहे. दोनच वचनं पुढे, त्याच बोलण्यात, प्रत्येक व्यर्थ शब्दाचा न्यायाच्या दिवशी हिशोब द्यावा लागेल असं येशू सांगतो. तिथला ग्रीक शब्द 'आर्गोस', म्हणजे काम न करणारा. तुमच्या त्या ताईंना मिळालेलं वाक्य याच जातीचं, नाही का? येशूचा कडक शब्द धर्माची सत्ता हाती असलेल्यांना होता. मी तो ताटावर बसलेल्या पोराला मारला.

काल त्याची माफी मागितली. "बरं" म्हणाला. पाण्याचा पेला मात्र अजून दोन्ही हातांनी धरतो.

खडी वाट:
माफी मागणं मी कृतीत धरतो, म्हणून माझा मुद्दा सोडत नाही. पण 'आर्गोस'पुढे गप्प झालो, कारण ते वाक्य त्या ताईंना मीही म्हटलेलं आहे. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र आधी सात दिवस नुसते जवळ बसले होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. रविवारी उपासनेनंतर त्या ताईंकडे जातोय. मुलाजवळ तासभर बसेन, तेवढ्यात त्यांना बाहेर जाऊन येता येईल.

ओलीव फांदी:
जा. आणि तो मुलगा "दुखतंय" म्हणाला, तर त्याला म्हणू द्या.