जुने, कमी खर्चाचे भयपट घरच्या पडवीत: प्रत कुठली, मांडणी कशी?

अंत्रूजकर
नमस्कार मंडळी. मे महिन्यात फोंड्याला घरच्या पडवीत दहा-बारा जणांना जुने, थोडक्या पैशांत काढलेले भयपट दाखवायचे आहेत. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) आणि रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) नक्की केलेत. प्रोजेक्टर साधा एलईडी, १०८०पी. पहिल्याच्या नेटवर ढीगभर प्रती आहेत, कुठली घ्यावी? आणि कॉलेजची पोरं सगळंच हसण्यावारी नेतात, त्यांना नेमकं काय बघायला सांगावं?

डिचोलीकर
हसण्याचं निम्मं मूळ खराब प्रतीत असतं. या सिनेमाचं नाव ऐन वेळी बदललं, आणि जुन्या नावाच्या पाटीबरोबर कॉपीराइटची ओळही गळली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार तेवढ्यावरून हक्क गेले, मग ज्याने त्याने प्रतीवरून प्रती काढल्या.

ओळखायचं असं: लांबी ९६ मिनिटं हवी. ९२ च्या आसपास असेल तर ती सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमवर पळवलेली पाल (टीव्हीची एक जुनी पद्धत) प्रत. आवाज किंचित चढे येतात. चित्र १.३७:१, म्हणजे जवळजवळ चौकोनी. रुंद पडदा पूर्ण भरत असेल तर डोकी तरी छाटलीत नाहीतर माणसं ताणलीत. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म फाउंडेशनसोबत मूळ निगेटिव्हवरून ४केमध्ये दुरुस्त केलेली प्रत शोधा. खिडक्यांवर फळ्या ठोकतात तो भाग चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही प्रतींत लावून बघा. चांगल्या प्रतीत फळ्यांच्या रेषा आणि खिळ्यांची डोकी दिसतात, वाईट प्रतीत नुसता काळा डाग. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय. कृष्णधवल फिल्मवर ते हवं तसं गडद आणि दाट दिसतं, पण ते कळायला करड्या छटा शाबूत हव्यात.

चिऱ्याची भिंत
मांडणीचं सांगतो. थ्रो रेशो (लेन्स ते पडदा अंतर भागिले चित्राची रुंदी) १.३ असेल तर सहा फूट रुंद चित्रासाठी लेन्स पावणेआठ ते आठ फुटांवर येईल. त्यात १.३७ चं चित्र साधारण ४ फूट ७ इंच रुंद बसतं. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, 'फुल'चं बटण दाबू नका. प्रोजेक्टर टेबलावर सरळ ठेवा. कीस्टोनने (तिरकं चित्र सरळ करायची प्रोजेक्टरमधली सोय) सरळ केलेलं चित्र मऊ पडतं. मोड 'सिनेमा', मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणं) आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले ठिपके पुसणं) दोन्ही बंद. स्मूदिंगने सिनेमा मालिकेसारखा दिसतो, नॉइज रिडक्शनने फिल्मचे कण पुसले जातात. त्या कणांमुळेच रबरी मुखवट्याची कड झाकलेली असते!

आवाज मोनो आहे, एकच स्पीकर पडद्याखाली मधोमध. जुन्या ऑप्टिकल ट्रॅकवर (फिल्मच्या कडेला छापलेला आवाज) आठ किलोहर्ट्झच्या वर बहुतेक खरखरच असते, ट्रेबल (उंच सूर) थोडा उतरवला तरी संवाद जात नाहीत. फरशीवर चटया घाला, नाहीतर पडवी घुमते. मेमध्ये साडेसातच्या आधी सुरू करू नका.

सांजवेळ
पोरांना प्रकाश बघायला सांगा. रामसेंकडे घरचीच माणसं कामाला: तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला. मोठा सेट परवडत नाही तिथे धूर आणि रंगीत दिवे कामाला येतात. धुरात मागून मारलेला निळा झोत दिसायला लागतो आणि सेट जिथे संपतो तो कोपरा झाकला जातो. त्यात खालून धरलेला कॅमेरा आणि सामरी (सिनेमातला राक्षस) झालेल्या अनिरुद्ध अगरवालची उंची. प्रोजेक्टर 'व्हिव्हिड' या भडक रंगांच्या मोडवर असला की लाल रंग सगळीकडे पसरतो आणि हे सगळं वाया जातं.

दुसरं, 'दिवसाची रात्र'. जुन्या स्वस्त सिनेमांत रात्र बऱ्याचदा उन्हात चित्रित करायचे, दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी एक्स्पोजर देऊन आणि निळी छटा चढवून. प्रत काढणाऱ्याने ते न ओळखता चित्र उजळलं की पिशाच भर दुपारी फिरताना दिसतं. लोक हसतात, दोष दिग्दर्शकाच्या माथी. असा प्रसंग आला की ब्राइटनेस उतरवा.

जमलं तर 'कार्निव्हल ऑफ सोल्स'ही (१९६२) लावा, ७८ मिनिटांची प्रत. हर्क हार्वी कॅन्ससमध्ये औद्योगिक आणि शैक्षणिक लघुपट काढायचे, त्यांचा हा एकमेव कथापट. सगळं संगीत ऑर्गनवर, आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याचा माणूस स्वतः हार्वीच. युटाच्या खाऱ्या सरोवराकाठची ती ओस पडलेली सॉल्टएअरची इमारत उभारायला कितीही पैसा ओतला असता तरी अशी वठली नसती.

अंत्रूजकर
देव बरें करूं! मध्येच लाईट गेली तर?

चिऱ्याची भिंत
एलईडीला फारसा धोका नाही. प्रोजेक्टर आणि प्लेअर दोन्ही इन्व्हर्टरवर जोडा. दिव्याचा प्रोजेक्टर मात्र पंखा थांबेपर्यंत चालू राहायला हवा, गरम दिवा एकदम बंद पडला की आयुष्य घटतं. वळीव पडून गेला असेल तर किडे लेन्सवर येतात, बाजूने टेबलफॅन सोडा, फक्त त्याचा वारा पडद्याला लागू देऊ नका.