चित्रात टेकलेली दिसतात म्हणून खरंच टेकतात का?

कंपासपेटी: एक कोडं सध्या फिरतंय. सरळ रेषेवर ९ आणि ४ त्रिज्येची दोन वर्तुळं एकमेकांना टेकून उभी आहेत, आणि मधल्या बेचक्यात एक छोटं वर्तुळ, दोघांनाही टेकलेलं आणि रेषेलाही. छोट्याची त्रिज्या किती? बऱ्याच जणांनी पट्टीने मोजून १.४ दिलंय, वर म्हणे "जवळपास बरोबर आहे ना". टेकण्यात जवळपास कसलं आलंय!

आडवातिडवा: एवढं काय मनावर घेताय. पेन्सिलीची रेघच मुळात जाड असते, एका बिंदूत स्पर्श कागदावर कधी होतच नाही. डोळ्याला टेकलेलं दिसलं, विषय संपला.

कंपासपेटी: रेघ जाड आहे, वर्तुळ नाही. हिशोब बघा, रेषेवर एकमेकांना टेकलेली दोन वर्तुळं रेषेला जिथे टेकतात त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे त्रिज्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट. ९ आणि ४ साठी १२. आता १.४४ घ्या, एका बाजूला ७.२, दुसऱ्या बाजूला ४.८, बेरीज बरोब्बर १२. तुमच्या १.४ ला ११.८३ च्या आसपास येतं, म्हणजे फट राहिली. दिसत नाही, पण आहे.

प्रमेयवाली: आणि डोळ्याचं तर नावच काढू नका. ८×८ चा चौरस चार तुकड्यांत कापून ५×१३ चा आयत करतात ते आठवतंय? ६४ चे ६५ होतात. कर्णावर सगळे तुकडे चिकटलेले वाटतात, पण एकाचा चढ ३/८, दुसऱ्याचा २/५, मधे बारीक लांबुडकी फट आणि तिचंच क्षेत्रफळ १.

आडवातिडवा: ती हातचलाखी झाली हो. इथे कोड्यात स्पष्ट लिहिलंय की टेकतात. मी चित्रावर नाही, दिलेल्या वाक्यावर विश्वास ठेवतोय, मग सिद्धता कशाला मागताय?

प्रमेयवाली: आत्ता तर डोळ्यावर चाललं होतं :) असो. वाक्यही खोटं असू शकतं ना. उद्या कोणी लिहिलं "छोट्याची त्रिज्या १.५ आहे आणि ते तिघांनाही टेकतं", तर? त्याला १२.२५ जागा लागते, आहे १२. आणि काही स्पर्श असे की ते कोणी देतच नाही, आपोआप होतात. कुठलाही त्रिकोण घ्या (समभुज सोडून, तिथे दोन्ही वर्तुळं एकच होतात), त्याचं नवबिंदू वर्तुळ (तिन्ही बाजूंच्या मध्यबिंदूंतून जाणारं) अंतर्वर्तुळाला (तिन्ही बाजूंना आतून टेकणाऱ्या वर्तुळाला) आतून टेकतंच, जर्मन गणिती फॉयरबाखने १८२२ मध्ये दाखवलं. स्क्रीनवर कितीही झूम करा, टेकलंय की केसभर राहिलंय ते कळणार नाही, केंद्रांमधलं अंतर त्रिज्यांच्या फरकाएवढंच येतं हे सिद्ध करावंच लागतं.

आडवातिडवा: फॉयरबाखचं मान्य, तिथे स्पर्श हाच प्रश्न आहे. पण १.५ वाल्यात चूक कोडं घालणाऱ्याची, मी का निस्तरू? दिलेलं तपासत बसलो तर एक कोडं सुटायला आठवडा जाईल.

कंपासपेटी: तपासायला एक ओळ लागते, वर लिहिलीये.