टेनिस बॉल वळतो, लेदर बॉल सरळ जातो: लेगस्पिनचा टर्न वाढवायचा कसा?

होम_मैदान_लेगी

नमस्कार मंडळी. वय १६, सोलापूर, उजव्या हाताने लेगस्पिन. होम मैदानावर टेनिस बॉलने टाकतो तेव्हा चेंडू हातभर वळतो. लेदर बॉल घेतला की सरळ जातो, वळलाच तर चार बोटं. नेट्सना सिमेंटवर मॅट आहे. सामने काही मॅटवर, काही काळ्या मातीच्या विकेटवर. हळू टाकून बघितलं, तर बॅट्समन मागे सरकून आरामात पुल मारतो.

पकड अशी आहे: पहिली दोन बोटं सीमवर (चेंडूच्या शिवणीवर) आडवी, चेंडू तळहाताला टेकलेला. रनअप सात पावलांचा. सगळे म्हणतात 'मनगट वापर', पण म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही. काय बदलू आणि आधी काय बदलू?

अनामिका_आधी

'चेंडू तळहाताला टेकलेला' हे तूच लिहिलंयस. सुरुवात तिथूनच कर.

टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास आणि आतून पोकळ. लेदर बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि भरीव. तेवढेच फेरे द्यायचे तर दुपटीहून जास्त जोर लागतो. त्यात टेनिस बॉलची लव जमिनीला धरते, त्यामुळे थोड्या फिरकीवरही तो वळतो. बोटांनी चिमटून सोडलेला चेंडू तिथे चालून जातो, लेदरला ते पुरत नाही.

पकड: तर्जनी आणि मधलं बोट सीमवर आडवी, मध्ये थोडी फट. फार फाकवू नको, फाकवलेल्या बोटांनी मनगट आवळलं जातं. अनामिका दुमडायची आणि तिच्या वरच्या पेराची कड सीमवर घट्ट टेकवायची. करंगळी तिच्या शेजारी दुमडलेली, अंगठा नुसता टेकलेला. तळहात आणि चेंडू यांच्यात एक बोट जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. दुसऱ्याने वरून चेंडू ओढला तर तो सहज निघाला पाहिजे. निघत नसेल तर तू जास्त दाबतोयस.

आता मनगट. हात वर येताना ते आत दुमडलेलं असायला हवं. सोडताना दोन गोष्टी एकदम होतात: मनगट झटक्यात उलगडतं, आणि अनामिका सीमला खालून वर, उजवीकडून डावीकडे ओढते. भिंतीतला जुना गोल चकतीचा नळ उघडताना उजवा हात डावीकडे फिरतो ना, तीच दिशा. जोर अनामिकेचा. अंगठ्याने ढकललंस की फेरे मेले.

घरी करायचा क्रम:

१. बसून चेंडू उजव्या हातातून डाव्या हातात फिरवत टाकायचा, पाच मिनिटं. चेंडू निघताना बोटांची टिचकी ऐकू यावी.

२. समोर ५-६ मीटरवर कुणाला तरी उभं करून खालून (अंडरआर्म) लेगब्रेक, म्हणजे लेगकडून ऑफकडे वळणारा चेंडू, ३० वेळा. टप्पा पडल्यावर चेंडू तुझ्या डावीकडे उडालाच पाहिजे. इथे वळत नसेल तर पुढे जाऊ नको.

३. उजवा गुडघा टेकून, डावा पाय पुढे ठेवून १० मीटरवर, वरून हात फिरवत. पाय अडकलेले असल्यामुळे सगळं काम खांदा, मनगट आणि बोटांना करावं लागतं.

४. उभं राहून, रनअपशिवाय, १५ मीटर.

५. मग पूर्ण २०.१२ मीटर, तेही चालत येऊन. सात पावलं शेवटी.

दुसरी पायरी लोक कंटाळून सोडतात. माझ्या मते सगळा टर्न तिथेच तयार होतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेमुळे होम मैदान मिळत नाही, तेव्हा पहिल्या दोन पायऱ्या अंगणातल्या कोब्यावर रोज कर.

आणि एक चाचणी. जुन्या चेंडूवर सीमवरूनच गोल पांढरी चिकटपट्टी लाव. मोबाइल पंचाच्या जागी ठेवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घे. पट्टी डगमगली तर चेंडू बोटांतून नीट सुटत नाही. स्थिर राहिली तर तिची दिशा बघ. पट्टी सरळ बॅट्समनकडे असेल तर तो टॉपस्पिन: चेंडू झपकन खाली येईल, उसळेल, पण वळणार नाही. डावीकडे ४५ ते ६० अंश झुकलेली असेल तर वळणारा लेगब्रेक. कमी वळतोय तो फेरे कमी म्हणून, की फेरे चुकीच्या दिशेला म्हणून, हे कळल्याशिवाय काहीच दुरुस्त करता येत नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

मॅट_ते_माती

अनामिका_आधी अण्णांनी अंगाचा वरचा भाग सांगितला, मी खालचा सांगतो. मनगट कितीही चांगलं असलं तरी कंबर फिरली नाही तर फेरे अर्धेच राहतात.

डावा पाय पडताना पंजा फाइन लेगच्या (बॅट्समनच्या मागे, लेगच्या अंगाच्या) बाजूला वळलेला हवा, गुडघा भक्कम. त्याच पंजाच्या पुढच्या भागावर अंग फिरतं आणि उजवी मांडी पुढे येऊन डाव्या पायाला ओलांडते. शेवटी उजवा खांदा बॅट्समनकडे असला पाहिजे. छाती समोर राहून थांबलास तर तू चेंडू नुसता हाताने टाकलास. नेहमीची चूक म्हणजे डावा पाय अंगावरून लेगच्या बाजूला जास्त आडवा पडणं. मग कंबर कुलूप लावल्यासारखी अडकते. क्रीजवर चुन्याने एक रेघ मार आणि पाय कुठे पडतो ते दर सहा चेंडूंनंतर बघ.

हात कानाला चिकटवू नको. मागून बघितलं तर घड्याळात एक वाजता काटा असतो तिथे हात हवा. बारावर गेला की टॉपस्पिन वाढतो. दोनच्या खाली आला की साइडस्पिन (आडवी फिरकी) मिळतो, पण उसळी जाते आणि चेंडू घसरत निघतो.

विकेटबद्दल: सिमेंटवरची मॅट ताणलेली असेल तर चेंडू धरते आणि उसळी देते, म्हणून तिथे थोडा टॉपस्पिन मिसळलेला लेगब्रेक जास्त धोकादायक. सैल मॅटवर सुरकुतीवर पडून वळलेला चेंडू टर्न म्हणून मोजू नको. काळ्या मातीत चिकणमाती जास्त, ती ओल धरते आणि सुकली की भेगाळते. ओल असेपर्यंत चेंडू थांबून येतो. तिथे हवेतून थोडा वेग लागतो, नाहीतर तू म्हणतोस तसा पुल बसतोच.

हळू टाकल्याने टर्न वाढतो हा समज सोड. हळू चेंडू आखूड पडतो, एवढंच. पूर्ण जोराने फिरवायला लागलास की वेग आपोआप ठरतो.

आणि किती वळायला हवं हेही मोजून ठेव. टप्पा स्टंपपासून ४ मीटरवर पडला आणि चेंडू फक्त ३ अंश वळला, तरी स्टंपपर्यंत तो २१ सेंटिमीटर सरकतो. तिन्ही स्टंपांची मिळून रुंदी २२.८६ सेंटिमीटर. हातभर वळलेल्या चेंडूला बहुतेक वेळा बॅट लागतच नाही.

सरळ_पण_उसळता

शेवटच्या मुद्द्याला जोड. अनिल कुंबळे फार वळवत नव्हते, तरी कसोटीत ६१९ बळी. उंची, वेग आणि उसळी यांवर त्यांचं काम चालायचं. या भावाने टर्नच्या मागे लागण्यापेक्षा आधी सहापैकी पाच चेंडू एका जागी टाकावेत असं मला वाटतं.

अनामिका_आधी

इथे माझा ठाम विरोध आहे. कुंबळेंची उंची आणि तो वेग सोळा वर्षांच्या मुलाला उसना घेता येत नाही. या वयात अचूकतेसाठी फिरकी कमी केली की चेंडू ढकलायची सवय लागते, आणि ती मोडणं फार अवघड. आधी पूर्ण जोराने फिरव, चेंडू इकडेतिकडे पडू दे. टप्पा सरावाने येतो.

फेरे वाढले याची खूण टर्नच्या आधी हवेत दिसते. चेंडू उशिरा लेगकडे सरकतो, तो ड्रिफ्ट. ४ जून १९९३ ला ओल्ड ट्रॅफर्डवर शेन वॉर्नने माइक गॅटिंगला टाकलेला चेंडू आठव: आधी लेग स्टंपच्या बाहेर सरकला, तिथे टप्पा पडला आणि ऑफ स्टंप घेऊन गेला. नेट्सला असा सरकताना दिसला की समज, काम जमतंय.

टॉवेल_खिशात

बोटांचं कुणी बोललं नाही. अनामिकेच्या पेराला सीम घासून कातडी सोलते. सुरुवातीला दिवसाला ४० ते ५० चेंडूच पूर्ण जोराने टाक. कातडी जाड होऊ दे. भेग पडली तर दोन दिवस थांब, नाहीतर दुखणं टाळण्यासाठी बोट आपोआप चेंडू सोडून देतं आणि अॅक्शन बिघडते.

मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तळहाताचा घाम चेंडूवर येतो. आपल्याकडे टॉवेलला काय तोटा! एक छोटा जवळ ठेव, षटकाच्या आधी हात कोरडा कर. सामन्यात बोलिंगच्या हाताला मलम किंवा पट्टी लावायची असेल तर आधी पंचांना विचार. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर कसोटीत रवींद्र जडेजाने न विचारता बोटाला मलम लावलं म्हणून सामन्याच्या मानधनातले २५ टक्के कापले गेले होते.

होम_मैदान_लेगी

सगळ्यांचे आभार. पकड बदलली, आठवडाभर पहिल्या तीन पायऱ्या केल्या. पट्टी लावून मागून व्हिडिओ घेतला. पट्टी स्थिर आहे, पण डावीकडे फार तर १५-२० अंशच झुकते. चेंडू छान उसळतो, वळत मात्र नाही. सहातला एखादा तर उलटा, गुगलीसारखा आत येतो.

अनामिका_आधी

पट्टी स्थिर आहे म्हणजे चेंडू नीट सुटतोय. दिशा तेवढी चुकतेय. तुझं मनगट जास्त फिरतंय. लेगब्रेक सोडताना तळहात बॅट्समनला दिसतो, टॉपस्पिनरला करंगळीची कड, गुगलीला हाताची पाठ. तुझी करंगळीची कड पुढे येतेय, आणि कधी त्याच्याही पुढे जाऊन पाठ. टेनिस बॉलवर गुगली फार टाकणाऱ्यांचं हेच होतं, हळूहळू लेगब्रेक हातातून निघून जातो.

तीन आठवडे गुगली पूर्ण बंद, टेनिस बॉलवरसुद्धा. दुसऱ्या पायरीवर परत ये आणि मुद्दाम अती कर: तळहात बॅट्समनकडे उघडा ठेवून, पट्टी ९० अंश आडवी दिसेल असा चेंडू फिरव. तो उसळणार नाही, मंद वळेल, हरकत नाही. अती केलेलं वरून टाकताना आपोआप ५०-६० अंशांवर येतं. डोकं डावीकडे कलत असेल तर हात बारावर जातो आणि मनगट पुन्हा पलटतं, म्हणून हनुवटी मधल्या स्टंपच्या रेषेत ठेव.

पुढचा व्हिडिओ मागून आणि बाजूने, दोन्हीकडून घे. बाजूने घेतल्याशिवाय उजवी मांडी डाव्या पायाला ओलांडते की नाही ते दिसणार नाही.