मदत हवी आहे: माहितीपुस्तिकेतला बॅकस्लॅश कुठे गायब होतो, तर कुठे दुप्पट होतो

लेखनिक_सांगली (धागाकर्ता)
नमस्कार. आमच्या सॉफ्टवेअरच्या मराठी माहितीपुस्तिकेची नवी आवृत्ती सोमवारी ग्राहकांकडे जायची आहे आणि मी तीन दिवसांपासून एकाच पानावर अडकून पडलो आहे. मूळ फाइलमध्ये मी, डेटाबेसमधील नोंदी नमुन्याने शोधण्याच्या आज्ञेत, लाइक 'ह_१%' असे लिहितो, पण तयार झालेल्या पानावर ते लाइक 'ह_१%' असे उमटते. काही ठिकाणी मात्र बॅकस्लॅश, म्हणजे तिरप्या रेघेचे ते चिन्ह, शाबूत राहते आणि एका पानावर तर ते दोनदा दिसते. शिवाय ‘पेक्षा लहान’ या चिन्हाच्या जागी भलतीच अक्षरे येतात. मूळ फाइल मी चार वेळा तपासली आहे, तिच्यात चूक नाही. हे कशामुळे होते आणि कायमचे कसे दुरुस्त करावे, एवढेच कृपया सांगावे. ‘सॉफ्टवेअर बदला’ असे सल्ले नकोत, तेवढा वेळ नाही.

तासगाववाला
आपण दिलेले दोन्ही नमुने मला तंतोतंत सारखे दिसत आहेत. फरक नेमका कुठे आहे? डेटाबेस कोणता, मूळ फाइल कोणत्या स्वरूपात आहे आणि पान कशाने तयार होते, हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

लेखनिक_सांगली
अहो, हीच तर तक्रार आहे! येथेही तो गिळला गेला. पहिल्या नमुन्यात ‘ह’ नंतर बॅकस्लॅश आहे, त्यानंतर अंडरस्कोर आहे. डेटाबेस नेहमीचाच आहे आणि फाइल साध्या मजकुराची आहे.

हरिपूरकर
‘नेहमीचाच’ म्हणजे कोणता, हाच येथे कळीचा मुद्दा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आवृत्ती ९.१ पासून, म्हणजे २०११ पासून, साध्या अवतरणातील बॅकस्लॅश हे मुळात एक सामान्य अक्षर मानले जाते. त्याला विशेष अर्थ हवा असेल तर अवतरणाच्या आधी ‘ई’ हे रोमन अक्षर लावावे लागते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये उलट आहे. तेथे खास सेटिंग केले नसेल तर अवतरण वाचतानाच बॅकस्लॅशचा अर्थ लावला जातो आणि त्यानंतर लाइक पुन्हा एकदा अर्थ लावतो. त्यामुळे डेटामधील एक बॅकस्लॅश लाइकने शोधायचा असेल तर पोस्टग्रेसमध्ये दोन लिहावे लागतात आणि मायएसक्यूएलमध्ये चार. आपल्या पुस्तिकेत एक छापायचा की दोन, हे यावर ठरेल. नमुना देताना कोडची चौकट वापरावी, म्हणजे हा फोरम त्याला हात लावणार नाही.

रात्रपाळी
मुळात इतका त्रास घ्यायचाच कशाला? क्वेरीमध्ये मजकूर जोडण्याची पद्धतच चुकीची आहे. पॅरामीटर वापरावेत, म्हणजे शोधायचा मजकूर आज्ञेपासून वेगळा द्यावा; मग अवतरणे, बॅकस्लॅश यांची चिंता उरत नाही आणि इंजेक्शनचा (मजकुरातून परकी आज्ञा घुसवली जाण्याचा) धोकाही टळतो. मी गेली कित्येक वर्षे हाताने एकही चिन्ह एस्केप केलेले नाही, म्हणजे त्याचा विशेष अर्थ काढण्यासाठी वेगळे लिहिलेले नाही.

लेखनिक_सांगली
मी प्रोग्राम लिहीत नाही, पुस्तिका लिहितो. वाचणारा माणूस आज्ञा बघून खिडकीत टाइप करणार आहे. त्याला पॅरामीटर कुठून द्यायचा?

पोस्टग्रेस १४ आहे. फाइल मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच मांडणीच्या खुणा लिहिण्याच्या पद्धतीत) आहे आणि पँडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने तिचे पान व पीडीएफ तयार होते. मध्ये आधीच्या सहकाऱ्याने लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती काय करते ते मला ठाऊक नाही, पण तिच्याशिवाय पान बनवायचे नाही असे सांगून तो गेला.

मी एवढा घायकुतीला का आलो आहे, तेही सांगतो. मागच्या छापील पुस्तिकेतून मार्केट यार्डातील एका अडत दुकानाच्या दिवाणजींनी हीच आज्ञा जशीच्या तशी टाइप केली. गेल्या हंगामातील हळदीचे लॉट ‘ह-१०४’ असे जोडरेघेने नोंदवलेले होते आणि यंदाचे ‘ह_१०४’ असे अंडरस्कोरने. पुस्तिकेत बॅकस्लॅश उमटलाच नव्हता, त्यामुळे अंडरस्कोरचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा झाला आणि दोन्ही हंगामांची पोती एकाच यादीत आली. दिवाणजींनी दोन वेळा बेरीज केली, मग वखारीत जाऊन पोती मोजली आणि त्यानंतर आम्हाला फोन केला. ती आज्ञा यादी काढण्याची होती, नोंदी खोडण्याची नव्हती, म्हणून निभावले.

शब्दप्रेमी
विषय मराठी पुस्तिकेचा आहे म्हणून विचारतो, आपण ‘बॅकस्लॅश’ हाच शब्द का वापरता? ‘उलटी तिरपी रेघ’ म्हटले तर दिवाणजींनाही चटकन कळेल. ‘एस्केप करणे’ यालाही आपल्याकडे शब्द घडवता येईल.

तासगाववाला
कीबोर्डवरची कळ दाखवून ‘बॅकस्लॅश’ म्हटले की आमच्याकडचा दहावीतला मुलगाही ओळखतो. शब्दाचे नंतर पाहू.

धागाकर्त्यांना माझा सल्ला असा की मार्कडाउन सोडून डॉकबुक (टॅग लावून पुस्तिका लिहिण्याची पद्धत) घ्यावे. पोस्टग्रेसची स्वतःची अधिकृत कागदपत्रे डॉकबुकमध्येच लिहिली जातात. आवृत्ती ११ पासून तो मजकूर एक्सएमएलमध्ये आहे, फाइलींच्या नावांना मात्र अजून जुनेच एसजीएमएलचे शेपूट आहे. त्यात बॅकस्लॅशला काहीही विशेष अर्थ नाही, त्यामुळे तो गिळला जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हरिपूरकर
सोमवारी पुस्तिका द्यायची आहे हो. आणि डॉकबुकमध्ये बॅकस्लॅश वाचतो हे खरे असले, तरी तेथे ‘पेक्षा लहान’ आणि अँपरसँड (&) ही दोन चिन्हे प्रत्येक वेळी एस्केप करून लिहावी लागतात. पोस्टग्रेसच्या उदाहरणांत ‘पेक्षा लहान’ पावलोपावली येते. एक डोकेदुखी देऊन दुसरी घेण्यासारखे आहे ते.

आता मूळ प्रश्न. मार्कडाउनमध्ये बॅकस्लॅश हेच एस्केपचे चिन्ह आहे. त्याच्या पुढे विरामचिन्ह किंवा अंडरस्कोर, टक्का, तारा असे चिन्ह आले, तर ‘पुढचे चिन्ह अक्षरशः छापा’ असा त्याचा अर्थ होतो आणि बॅकस्लॅश स्वतः नाहीसा होतो. पुढे अक्षर आले तर नेहमीच्या मार्कडाउनमध्ये तो तसाच राहतो. म्हणजे

'ह\_१%'

हे साध्या वाक्यात लिहिले तर बॅकस्लॅश जाईल, पण फोल्डरचा पत्ता दाखवताना

'\हळद\यादी'

असे लिहिले तर नेहमीच्या मार्कडाउनमध्ये दोन्ही राहतील. आपल्याला जो लहरीपणा वाटतो आहे, तो बहुधा एवढाच आहे. मात्र हेच उलट्या अवतरणांच्या जोडीत, म्हणजे कोड म्हणून, लिहिले तर मार्कडाउन आत ढवळाढवळ करत नाही. बॅकस्लॅश गायब झालेल्या जागा कोडमध्ये आहेत की साध्या वाक्यात, आणि दोनदा उमटलेली जागा कशात आहे, हे पाहून सांगावे.

लेखनिक_सांगली
पाहिले. गायब झालेल्या सगळ्या जागा साध्या वाक्यांत किंवा तक्त्यांत आहेत. दोनदा उमटलेली जागा कोडमध्ये आहे. मूळ फाइलमध्येही तेथे दोनच आहेत! आधीच्या सहकाऱ्याने कधीतरी ‘बॅकस्लॅश जातो’ म्हणून हाताने दुप्पट केला असावा, आणि पुढे कोणीतरी तो परिच्छेद कोडमध्ये टाकला असावा. मूळ फाइलमध्ये चूक नाही असे मी म्हणालो होतो, ते मागे घेतो.

अवतरणचिन्ह
बॅकस्लॅशच्या नादात दुसरी गोष्ट निसटू नये. पँडॉक आपल्या मार्कडाउनमध्ये सरळ अवतरणे आपोआप वळणदार करतो आणि लागोपाठच्या दोन जोडरेघांची एक लांब रेघ करतो. गोष्टीच्या पुस्तकात हे शोभते. पण एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आज्ञांच्या भाषेत, मजकूर सरळ अवतरणातच द्यावा लागतो आणि टिप्पणीची सुरुवात दोन जोडरेघांनीच होते. पानावरून आज्ञा उचलून चिकटवली की डेटाबेस चूक दाखवतो, आणि डोळ्यांना तर दोन्ही सारखेच दिसते. मी एकदा याच कारणाने अर्धा दिवस घालवला. शेवटी अक्षरे मोठी करून पाहिली, तेव्हा अवतरणाचे शेपूट दिसले. ‘स्मार्ट’ नावाचा पर्याय बंद करता येतो. कोडमधल्या मजकुराला मात्र हा पर्याय मुळातच लागू होत नाही.

रात्रपाळी
मी पुन्हा सांगतो, पॅरामीटर वापरले असते तर यातले काहीच घडले नसते. सॉफ्टवेअरमध्ये लॉट शोधण्याची चौकट द्या, पुस्तिकेत आज्ञा छापूच नका.

हरिपूरकर
क्षमस्व, पण येथे आपले म्हणणे अपुरे आहे. पॅरामीटरमुळे अवतरण मोडत नाही आणि इंजेक्शन टळते, हे मान्य. पण पॅरामीटरमधून आलेला मजकूर लाइकला दिला, तर त्यातील अंडरस्कोर आणि टक्का यांचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ आणि ‘कितीही अक्षरे’ असाच लावला जातो. दिवाणजींनी आपल्या चौकटीत ‘ह_१%’ टाइप केले असते, तरी ‘ह-१०४’ यादीत आलाच असता. तो अर्थ काढून घेण्याचे काम प्रोग्रामला वेगळेच करावे लागते.

रात्रपाळी
तेवढे मान्य. पण तो भाग प्रोग्रामरचा आहे, वाचकाचा नाही.

तासगाववाला
स्क्रिप्टचे काय झाले? ‘भलतीच अक्षरे’ म्हणजे नेमकी कोणती?

लेखनिक_सांगली
‘पेक्षा लहान’च्या जागी आधी अँपरसँड, मग रोमन एल आणि टी, मग अर्धविराम असे दिसते. कोडच्या चौकटीत तर त्याहून लांब आहे: अँपरसँड, ए-एम-पी, अर्धविराम, मग एल-टी आणि पुन्हा अर्धविराम. स्क्रिप्ट उघडली. तीत दोनच ओळी कामाच्या आहेत. पहिली ‘पेक्षा लहान’ बदलून अँपरसँड-एलटी करते. दुसरी प्रत्येक अँपरसँड बदलून अँपरसँड-एएमपी करते.

तासगाववाला
सापडले! क्रम उलटा आहे. पहिल्या ओळीने जो अँपरसँड नवा तयार केला, त्यालाच दुसरी ओळ पुन्हा बदलते. अँपरसँड नेहमी सर्वांत आधी बदलायचा असतो. दोन ओळींची अदलाबदल करावी.

लेखनिक_सांगली
केली. वाक्यांतील चिन्हे सुधारली, मनापासून आभार. पण कोडच्या चौकटीत अजूनही अँपरसँड-एलटी-अर्धविराम असेच छापले जात आहे.

हरिपूरकर
छापले जाणारच. कोडमध्ये जे लिहिले ते अक्षरशः दाखवणे हेच पँडॉकचे काम आहे, आणि ते दाखवण्यासाठी लागणारे एस्केपिंग तो पान तयार करताना स्वतः करतो. आपली स्क्रिप्ट त्याच्या आधीच एकदा ते करून ठेवते, म्हणून कोडमध्ये ते दुहेरी होते. त्या दोन्ही ओळी काढून टाकाव्यात. ‘हिच्याशिवाय पान बनवायचे नाही’ ही सूचना बहुधा पँडॉक येण्यापूर्वीच्या काळातली असावी.

मी स्वतः असे करतो. मूळ फाइलमध्ये आज्ञा तशीच असते, जशी ती डेटाबेसच्या खिडकीत टाइप करायची असते. एकही बॅकस्लॅश जास्त नाही, एकही कमी नाही, आणि ती आज्ञा नेहमी कोडमध्येच असते, मग ती वाक्याच्या मध्ये आलेली अर्ध्या ओळीची का असेना. एस्केपिंग शेवटच्या साधनाने एकदाच करावे. माणसाने ते हाताने केले, की पुढचा माणूस त्यावर आणखी एक थर चढवतो.

अवतरणचिन्ह
आणखी एक पर्याय पाहावा. लाइकला एस्केपचे चिन्ह आपल्या पसंतीचे देता येते:

लाइक 'ह!_१%' एस्केप '!'

यात बॅकस्लॅशच नाही, त्यामुळे तो गिळला जाण्याचा प्रश्नही नाही. मायएसक्यूएलवरही हे चालते.

हरिपूरकर
तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे, पण दिवाणजींना एक जास्तीचा शब्द शिकवावा लागेल. मी बॅकस्लॅशच ठेवीन.

अवतरणचिन्ह
जास्तीचा शब्द डोळ्यांना दिसतो. गायब झालेला बॅकस्लॅश दिसत नाही. माझे मत बदललेले नाही.

लेखनिक_सांगली
अखेरचे कळवतो. स्क्रिप्टमधील दोन्ही ओळी काढल्या, ‘स्मार्ट’ बंद केले आणि पुस्तिकेतील प्रत्येक आज्ञा कोडमध्ये नेली. हाताने दुप्पट केलेले बॅकस्लॅश आणखी सात ठिकाणी सापडले. नंतर तयार पानावरून प्रत्येक आज्ञा उचलून चाचणीच्या डेटाबेसमध्ये चालवली. हे खरे तर पहिल्या आवृत्तीलाच करायला हवे होते. सर्व आज्ञा चालल्या आणि ‘ह-१०४’ यादीत आला नाही. लॉट शोधण्याच्या पानावर अवतरणचिन्ह यांचा पर्याय घेतला आहे, कारण ते पान दुकानांत छापून लावले जाते आणि झेरॉक्समध्ये बारीक रेघ पुसट होते. बाकी सगळीकडे बॅकस्लॅश आहे.

पहिल्या पोस्टमधील नमुना आता दुरुस्त करता येत नाही, मुदत संपली आहे. नंतर येणाऱ्यांनी तेथे ‘ह’ नंतर बॅकस्लॅश आहे असे समजून वाचावे.

शब्दप्रेमी
मग पुस्तिकेत ‘बॅकस्लॅश’च ठेवलात का?

लेखनिक_सांगली
हो. शेजारी कळेचे चित्र दिले आहे.